अजून किती हाये त्याच्यात?

आवाज फार मोठा झाला नव्हता. भरलेली घागर विहिरीच्या पायरीला टेकावी तसा, बद्द, एकदाच. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आम्ही चार-पाच किलोमीटर आत आलो होतो, मी आणि माझा १४ वर्षांचा भाचा. नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे ठेंगण्या पुलाचा, तुकडा पावसाळ्यात वाहून गेलेला, म्हणून बैलबंड्या जिथून उतरतात तिथूनच मीही जीप पाण्यात घातली. पाणी घोट्याच्या जरा वर, तळ दिसत होता, तळाच्या पांढऱ्या गारगोट्या दिसत होत्या. जी दिसायला हवी होती ती एक दिसली नाही. "मावशी, लाल दिवा," भाचा म्हणाला, आणि मी तिथल्या तिथे, नाल्याच्या मधोमध, इंजिन बंद केलं. ऑइलचा लाल दिवा लागला की विचार करत बसायचं नाही, आधी इंजिन बंद. बाबांनी मला हे गिअर टाकायला शिकवायच्याही आधी शिकवलं होतं.

इंजिन थांबल्यावर पाणी ऐकू आलं, आणि काठापलीकडे धान कापणाऱ्या बायकांचं बोलणं. खाली उतरून वाकून पाहिलं. जीपच्या पोटातून करंगळीएवढी काळी धार लागली होती. पाण्यावर पडली की क्षणभर गोळा होऊन राहायची, मग सायीसारखी पसरायची, कडांना निळे-जांभळे रंग फुटायचे आणि ते रंग वळणं घेत खाली निघून जायचे. दिसायला ते इतकं सुंदर होतं की मला लाज वाटली. गरम ऑइलचा जळकट वास ओल्या मातीच्या आणि ताज्या कापलेल्या धानाच्या वासात मिसळला होता. मी हाताचा तळवा धारेखाली धरला. का धरला, मला आजही सांगता येत नाही. तळव्याला चटका बसला, ऑइल बोटांमधून गळून गेलं.

धानाच्या बांधीतून एक आजी काठावर आल्या. हातात विळा, डोक्याला गुंडाळलेला पंचा. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग जीपकडे, मग माझ्याकडे. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पोरी, अजून किती हाये त्याच्यात?"

"थोडंसंच असेल आजी," मी म्हटलं.

मला माहीत नव्हतं. या गाडीचं इंजिन किती सीसीचं, कितव्या गिअरला किती ओढ, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण तिच्या पोटात ऑइल किती, त्यातलं किती गेलं, चीर कुठे पडली आहे आणि त्या चिरेच्या खाली किती उरेल, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. आजींनी माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही हे त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यावरून कळलं. त्या गेल्या आणि दोन्ही कवेत मावेल एवढी तणस, धानाचा पेंढा, घेऊन आल्या. वीसेक पावलं खाली, नाला जिथे दोन खडकांत आवळतो, तिथे त्यांनी ती आडवी पसरली, वर दगड ठेवले, फटी चिखलानं लिंपल्या. पाणी तणसीखालून झिरपत राहिलं आणि वरची काळी साय अडली. "खाली डोह हाये," त्या म्हणाल्या, "ढोरं तिथंच पाणी पेतात." मग भाचा आणि मी त्यांच्यासोबत तणस वाहू लागलो. भिजून काळी झालेली उचलायची, उताराच्या उलट बाजूला मुरमाड जागेवर टाकायची, नवी अंथरायची. धारेचे थेंब होत होत तासाभरानं ती थांबली. थांबली म्हणजे संपली. जे पहिल्या दहा मिनिटांत निसटून गेलं ते गेलंच.

मग एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी जीप बाहेर ओढली, आणि संध्याकाळी मालवाहू गाडीला टोचन लावून आम्ही नागपूरला आलो. मनसर ते कामठी भाचा एक शब्द बोलला नाही. माझ्या हाताला दोन दिवस तो वास येत होता, तीनदा साबण लावूनही.

पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात, कोणी संप म्हणतं. नागपुरात वाडीपासून कामठी रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात विचारा, तो चेंबर. चेंबर लागला, चेंबर फुटला, चेंबर खोलावा लागेल. इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी कसलेलं एक पसरट भांडं, त्यात ऑइल साठतं. त्या ऑइलात बुडालेली एक जाळी, तिला स्ट्रेनर म्हणतात. पंप त्या जाळीतून ऑइल शोषून वर पाठवतो, ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगांपासून वर व्हॉल्व्हपर्यंत फिरतं आणि तापून, मळून, परत गळत त्याच भांड्यात येतं. घरातल्या मोरीसारखी त्याची गत. सगळ्यांचं सगळं तिथे येऊन पडतं आणि कोणी तिच्याकडे वळून बघत नाही, तुंबेपर्यंत किंवा फुटेपर्यंत.

बाबा बघायचे. मानेवाड्याच्या घरी रोज रात्री जीप लावली की ते तिच्या पोटाखाली जुना पेपर पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. सकाळी दात घासता घासता पेपर उचलून उजेडात धरायचे. एखादा ठिपका दिसला की बोटानं चोळून नाकाला लावायचे. हे इंजिनाचं, हे गिअरबॉक्सचं, हे ब्रेकचं. गिअरबॉक्सच्या ऑइलला एक उग्र, गंधकासारखा वास असतो, तो मी पाचवीत असताना ओळखायला शिकले. आईला या सगळ्याचा भारी वैताग यायचा, कारण तो पेपर मग रद्दीत चालत नसे. आम्हा दोघी बहिणींना वाटायचं बाबांना गाडीची काळजी आहे. आता वाटतं की त्यांना फरशीचीही असावी, आणि अंगणातल्या त्या एका लिंबाच्या झाडाचीही, ज्याच्या आळ्याकडे अंगणाचा उतार होता. विचारायला ते नाहीत.

ते गेल्यावर दोन वर्षांनी जीपचं मूळ इंजिन निकामी झालं. तेव्हा मी ज्या गॅरेजात गेले तिथे त्यांनी एका प्रवासी गाडीचं डिझेल इंजिन आणून बसवलं. छान चालायचं, कमी धुराचं, कमी आवाजाचं. पण ते इंजिन डांबरी रस्त्यासाठी घडलेलं होतं. त्याचा चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचा होता, आणि जीपच्या चौकटीत बसवल्यावर तो समोरच्या क्रॉस मेंबरच्याही, म्हणजे चौकटीच्या आडव्या दांड्याच्याही, दोन बोटं खाली लोंबत होता. याचा अर्थ असा की एक्सल सोडला तर गाडीच्या पुढच्या भागात दगडाला सगळ्यात आधी भेटणार तोच, आणि तोच सगळ्यात ठिसूळ. सात वर्षं मी ती गाडी चालवली, पाच वेळा सर्व्हिसिंग केलं, आणि एकदाही खाली झोपून पाहिलं नाही. त्या गॅरेजवाल्यांवर मी मनात बराच राग काढला. मग हळूहळू तो राग निवला, कारण गाडी जंगलात नेणारी मी होते.

या वेळी मी वाडीच्या एका जुन्या उस्तादांकडे गेले. अमरावती रोडवर ट्रकांची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आता मुलगा ट्रक बघतो आणि ते स्वतः आवडेल तेवढंच काम घेतात. त्यांनी जीप खड्ड्यावर घेतली, खाली उतरले, बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले. चेंबर उतरवला तेव्हा तळाला हाताएवढी चीर, मधून एक त्रिकोणी तुकडाच गेलेला. मग त्यांनी दोन बेअरिंगांच्या टोप्या खोलल्या, बेअरिंगवरून अंगठ्याची नखं फिरवली आणि हसले. "जागेवर बंद केली न ताई तुम्ही, तेच बेस केलं. वीस फूट चालवत काठावर आणली असती तर हे गेलं असतं सगळं. इंजिन वाचलं तुमचं."

ते कौतुकानं म्हणाले होते आणि मला ते सहन झालं नाही.

कारण वीस फुटांवर काठ होता. काठावर मुरूम होता, पाणी नव्हतं. मी नियमानं वागले म्हणून इंजिन वाचलं, आणि मी नियमानं वागले म्हणून सगळं ऑइल नाल्यात गेलं. पहिल्या गिअरात टाकून, इंजिन सुरू न करता, नुसत्या सेल्फवर, म्हणजे स्टार्टरच्या मोटरवर, जीप फूट-फूट सरकवता आली असती, जुन्या डिझेल गाड्यांत ते जमतं, त्या संथ फिरण्यानं बेअरिंगांना फारसं काही होत नाही. भाच्याला आणि बांधीतल्या चार जणींना हाक मारून ढकलताही आली असती. हे सगळं मला त्या खड्ड्याच्या काठावर, चहाचा ग्लास हातात धरून सुचलं. उस्तादांना मी सांगितलं. ते लगेच काही बोलले नाहीत. त्यांनी पोऱ्याला मोजमाप असलेलं पातेलं आणायला सांगितलं, जुना चेंबर तिरपा धरून उरलेलं ऑइल त्यात निथळू दिलं, आणि ते पातेलं माझ्यासमोर धरलं. जेमतेम एक वाटी. "साडेपाच लिटर बसते याच्यात," ते म्हणाले. मी आजींना "थोडंसंच" म्हटलं होतं.

नंतरचे तीन आठवडे मी जवळजवळ रोज वाडीला गेले. कचेरी सुटली की थेट. खरं तर नवा चेंबर लावून मोकळं होता आलं असतं, शहरातल्या घाट रोडवर चार दुकानं फिरले असते तर त्याच इंजिनाचा तसाच मिळालाही असता. उस्तादांनी आधी त्याच चेंबरला आर्गन वेल्डिंग मारून बघितलं, माझ्या समाधानासाठी. चीर घासून चकचकीत केली, धातू तापवला, आणि त्या राखाडी ॲल्युमिनियमला अक्षरशः घाम फुटला. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेलं ऑइल थेंबाथेंबानं बाहेर येऊ लागलं. पुसलं की पुन्हा. "हा पिऊन बसला आहे," उस्ताद म्हणाले, "याले टाका बसत नाही." टाका बसला तरी त्याच्या शेजारी पुन्हा चीर जाणार, हेही त्यांनी सांगितलं. ॲल्युमिनियमची बाजू मी घेऊन पाहिली. लोखंडाच्या साधारण तिप्पट हलकं, उष्णता लवकर सोडतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं तेव्हा त्या थंडाव्याला किंमत आहे. ओतीव चेंबर इंजिनाच्या तळाला ताठपणाही देतो, आवाज दाबतो. डांबरावर तो उत्तमच. पण दगड लागला की त्याला वाकता येत नाही, तो तुटतो.

पोलादी पत्र्याचा चेंबर तुटत नाही, त्याला पोचा पडतो. एवढ्यावर मी निर्णय घेतलाही असता, पण उस्तादांनी कोपऱ्यातल्या ढिगातून पोचा पडलेला एक चेंबर काढून दाखवला. एका थेंबाचीही गळती नव्हती. आत टॉर्च मारून त्यांनी दाखवलं, तळ आत दबून स्ट्रेनरच्या तोंडाला जवळजवळ टेकला होता. जाळीला ऑइल मिळायला फट हवी, आठ-दहा मिलिमीटरची तरी. ती बुजली की भांडं भरलेलं असतं आणि इंजिन तहानेनं मरतं. खाली पेपर पसरला तर पेपर कोरा निघतो, ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल बरोबर खुणेला, आणि वर बेअरिंग जळत असतं. त्या गाडीच्या मालकानं सहाशे किलोमीटर तशीच चालवली होती म्हणे. मला बाबांचा पेपर आठवला. त्या पेपरवर हे कधीच उमटलं नसतं.

म्हणून मग पत्रा जाड घ्यायचा ठरला. बाजू १४ गेजच्या, म्हणजे दोन मिलिमीटर, आणि तळ १० गेजचा, सव्वातीन मिलिमीटर. तळाची पुढची कड सरळ उभी न ठेवता होडीच्या नाळेसारखी तिरपी, म्हणजे दगडाला टक्कर न देता त्याच्यावरून घसरता यावं. ऑइल सोडायचा ड्रेनचा नट तळाला खाली लोंबता नको, मागच्या बाजूला, उंबरठ्याच्या आत बसल्यासारखा खोबणीत. आणि खोली कमी. हे मला आधी पटेना. चढावर गाडी नाक वर करून उभी राहिली की ऑइल मागे सरकतं, स्ट्रेनरचं तोंड उघडं पडलं तर पंप हवा ओढतो, मग ऑइल जास्त हवं, म्हणजे भांडं खोल हवं, असा माझा साधा हिशेब. उस्तादांनी पोऱ्याकडून परात मागवली, तिच्यात पाणी घातलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, चाला. मी दोन पावलं चालले, पाणी कडेवरून सांडलं. मग त्यांनी परातीत पत्र्याचा एक तुकडा आडवा उभा केला, खाली बोटभर फट ठेवून. आता चाला. पाणी हललं, पण मधोमध टिकून राहिलं. चेंबरात अशा आडव्या पत्र्याला बॅफल म्हणतात. खोली वाढवण्याऐवजी त्यांनी भांडं दोन्ही बाजूंना पसरट केलं आणि आत दोन बॅफल घातले. साडेपाचाचे सात लिटर झाले आणि तळ उलट पाऊण इंच वर आला. ऑइल जास्त असलं की तापायलाही वेळ लागतो, तो एक फायदा पदरात पडला.

कोरा चेंबर पहिल्यांदा बसवून बघायच्या दिवशी उस्तादांनी शेजारच्या ढाब्यावरून कणकेचा गोळा मागवला. त्याला तेलाचा हात लावून त्यांनी तो स्ट्रेनरच्या तोंडाला चिकटवला, चेंबर वर दाबून चार बोल्ट कसले, परत सोडले. कणीक दबून पोळीसारखी झाली होती. ती त्यांनी ब्लेडनं मधोमध कापली आणि कापलेल्या कडेला पट्टी लावली. नऊ मिलिमीटर. मग दुसरा गोळा समोरच्या एक्सलवर ठेवला आणि एक चाक जॅकनं वर-वर उचलत नेलं, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत, कारण या जुन्या जीपांचा एक्सल खड्ड्यात उसळून थेट इंजिनाच्या पोटाकडे येतो. उजवीकडे कणीक पार चेपली. तिथे चेंबरची बाजू एक सूत आत घ्यावी लागली. मी तो कणकेचा चेपलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभी होते. आमच्या घरी पोळ्या लाटताना आई कड अशीच बोटानं दाबून पाहायची.

वेल्डिंगनं पत्रा वाकतो, म्हणून चेंबरची वरची पट्टी आधी एका भंगारातल्या इंजिन ब्लॉकला बोल्टांनी कसली आणि मगच टाके मारले, थोडे इकडे, थोडे तिकडे, मधे गार होऊ देत. शेवटी तपासणी. ती मी जन्मात विसरणार नाही. सगळ्या सांध्यांवर बाहेरून शाळेतला पांढरा खडू फासला, आत डिझेल ओतलं आणि चेंबर दोन विटांवर ठेवून आम्ही चहाला गेलो. परत आलो तर मागच्या कोपऱ्यात, पांढऱ्या खडूवर, मोहरीएवढा एक करडा ठिपका उमटला होता. डोळ्याला भोक दिसत नव्हतं, नखाला लागत नव्हतं. उस्तादांनी तेवढीच जागा घासून पुन्हा टाका मारला, पुन्हा खडू, पुन्हा डिझेल. दुसऱ्यांदा खडू रात्रभर पांढरा राहिला. रात्रभर, कारण सकाळपर्यंत थांबा असा हट्ट मी धरला. त्या एका ठिपक्यातून दिवसाला किती थेंब पडले असते, महिन्याला किती, असा हिशेब मी तेव्हा करत होते.

चेंबर आणि इंजिनाच्या सांध्यातल्या पॅकिंगचं काम त्या मानानं झटपट झालं. पृष्ठभाग पेट्रोलनं पुसून कोरडे, सिलिकॉनची एकसंध वात, बोल्ट आधी नुसते हातानं, थोडं थांबून मग मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे. जोर लावायचा मोह आवरायचा. बरेच चेंबर गळतात ते याच जोरानं, बोल्टाखालचा पत्रा दबतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड उचलली जाते. ऑइल दुसऱ्या दिवशी भरलं, लिटरच्या मापानं मोजून, आणि पट्टीवर कानशीनं नवी खूण केली. जुनी खूण आता खोटी होती. जास्त भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि फेसाळलेल्या ऑइलला दाब राहत नाही, म्हणून ती खूण महत्त्वाची. सात लिटर. मी ते वहीत लिहिलं आणि गाडीच्या कप्प्यातही एका चिठ्ठीवर.

चेंबरखाली लावायच्या गार्डवरून मात्र आमचा वाद झाला. मला पाच मिलिमीटरची सबंध प्लेट हवी होती, पुढून मागेपर्यंत, काहीच लागू नये अशी. अडीच फूट बाय दीड फूट प्लेटचंच वजन १४ किलोच्या आसपास होतं, पण त्यांची हरकत वजनाला नव्हती. ते म्हणाले, तुम्ही कळमेश्वर-काटोलकडे जाता ना? तिकडची काळी माती गार्ड आणि चेंबरच्या मधे भरते, दोन दिवसांत विटेसारखी होते, आणि मग इंजिन रजईत. आणि नोव्हेंबरनंतर रानात कमरेएवढं गवत वाळून उभं असतं, ते गार्डवर अडकून सायलेंसरला टेकलं तर पेट घेतं. शेवटी प्लेटला खालून हात जाईल अशी भोकं ठेवली, ड्रेन नटासमोर एक मोठं, मागची कड उघडी. बोल्ट चौकटीला, इंजिनाला नाही, आणि चेंबरपासून इंचभर अंतर, कारण प्लेट दबायला जागा हवी आणि इंजिनही त्याच्या रबरांवर हलत असतं. प्रत्येक चिखलानंतर खाली झोपून ती भोकं धुवायची. हे मी आता करते. पाठ दुखते.

या सगळ्यात नागपूरच्या जमिनीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं. जन्म इथे काढून आपण एका कडेवर राहतो हे मला कळलं नव्हतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची हद्द आमच्या शहरापाशी संपते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या दगडाची, पश्चिमेला काटोलपर्यंत तोच दगड, झिजून गोट्यासारखा गोल झालेला, त्यावर काळी माती. रामटेक-मनसरकडे गेलं की जमीन बदलते. फार जुने, तापून-दाबून घट्ट झालेले खडक, मँगनीजच्या खाणी, आणि पांढरी गारगोटी, जिची कड कितीही पावसाळे गेले तरी धारदार राहते. काळा गोटा चेंबरला धक्का देतो, गारगोटी चिरते. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी फाटकापाशी एका जिप्सीवाल्या दादांना मी विचारलं होतं की तुम्ही रोज यातून जाता, तुमचा चेंबर कसा टिकतो. त्यांनी चाकोरीच्या मधल्या उंचवट्याकडे बोट दाखवलं. "दगड चाकाखाली घ्यायचा ताई. पोटाखाली गेला पाहिजे असं वाटते, पण नाही." मी उलटच करत आले होते, दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधे धरायचा.

उस्तादांच्या गॅरेजमागे जळक्या ऑइलचं एक पिंप आहे. महिन्यातून एकदा परवानाधारक माणूस येऊन ते भरून नेतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, त्यात काजळी असते, धातूची झीज असते, कच्चं डिझेल असतं. आणि तरी माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत तेच ऑइल दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावलेलं आहे, बाबांनीही लावलं होतं. आमच्या मागच्या दाराची चौकट अजून शाबूत आहे. त्या चौकटीला टेकून मी खूपदा उभी राहिले आहे या वर्षात, आणि नाल्यावरचे ते रंग कुठपर्यंत गेले असतील याचा विचार केला आहे. डोह कुठल्या नदीला मिळतो ते मी नकाशात शोधलं. पुढे काय झालं ते नकाशात नसतं.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. भाच्याची उंची माझ्याएवढी झाली आहे. रपटा अजून तसाच तुटका. या वेळी मी गाडी काठावर उभी केली, चप्पल काढून आधी नाला चालत ओलांडला, पायानं तळ चाचपत. दोन मोठ्या गारगोट्या भाच्यानं आणि मी मिळून बाजूला केल्या. ड्रेनखाली धरायची परात, चिंध्यांचं गाठोडं आणि साबणाची वडी मागच्या सीटखाली होती. बारीक भोकाला साबण दाबून बसवला तर गाडी घरापर्यंत येते, हे ट्रकवाल्यांकडून शिकलेलं. मग जीप पाण्यात घातली. एकदा खालून खर्रकन आवाज आला, गार्डचा. लाल दिवा लागला नाही. पलीकडे चढून इंजिन बंद केलं, खाली झोपले, बोट फिरवलं. पाणी टपकत होतं, नुसतं पाणी.

आजी खळ्यावर होत्या. धान उडवायचा हाताचा पंखा नातू फिरवत होता आणि प्रत्येक फेऱ्याला तो पंखा किंचाळत होता. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही, जीपला ओळखलं. "तूच ना थे तेलवाली?" म्हणाल्या. डोहाबद्दल मी विचारलं. ढोरं आठ दिवस दुसरीकडे नेली, त्यांनी सांगितलं, मग पाणी वाहून गेलं. मासोळ्यांचं त्यांना सांगता आलं नाही. थोडा वेळ आम्ही दोघी पंख्याकडे बघत उभ्या होतो. मग त्यांनी हनुवटीनं जीपकडे खूण केली.

"आता किती हाये त्याच्यात?"

"सात लिटर," मी म्हटलं. किती महिने मी हे उत्तर तोंडात घोळवत होते.

"मंग या पंख्याले दे न थोडंसं. कान फोडून राहिला."

मागे नव्या ऑइलचा कॅन होता, सीलबंद. मी तो उघडला. आजी घरातून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आल्या, पदरानं आतून-बाहेरून पुसलेली. मी गळ्यापर्यंत भरली, मधासारखं पिवळं ऑइल होतं. त्यांनी झाकण घट्ट फिरवलं, बाटली उलटी केली, अंगठा झाकणाभोवती एकदा फिरवला आणि अंगठा उन्हात धरून पाहिला.